हंगामात बुडणार नाही अशी क्लाउड व्यवस्था: हापूसच्या पेटीपासून सर्व्हरपर्यंत

समजा, देवगड ते रत्नागिरी पट्ट्यातल्या चाळीस बागायतदारांनी मिळून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पेटी विकणारी ऑनलाइन व्यवस्था उभारली आहे. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत धंदा. पाडवा आणि अक्षय्य तृतीया म्हणजे जत्राच. उरलेले साडेनऊ महिने सर्व्हर माश्या मारणार. पण हंगामात तो तासभर बसला, तर तयार आंबा त्याच्यासाठी थांबत नाही. होमस्टेचं बुकिंग असो की जेट्टीवरची तिकिटं, खालचं गणित सगळीकडे हेच आहे.

अशा छोट्या व्यवस्था सहसा क्लाउड कोसळला म्हणून पडत नाहीत. कुठला तरी एक भाग मरत नाही, नुसता रेंगाळतो, आणि बाकीचे त्याची वाट बघत उभ्या उभ्या संपतात. मेलेला भाग परवडला, ताटकळवणारा नाही. म्हणून सर्व्हर किती घ्यायचे याच्या आधी कोण कुणासाठी किती थांबणार, ते ठरवा.

1. कागदावर दोन आकडे

व्यवस्था करते ती कामं एकेका ओळीत लिहा: ऑर्डर घेणं, पैसे घेणं, शिल्लक पेट्या दाखवणं, बागेला तोडणीची यादी देणं, लेबल छापणं, गिऱ्हाइकाला मेसेज, हिशेबाचे रिपोर्ट. प्रत्येकापुढे दोन आकडे: हे काम किती वेळ बंद राहिलं तर चालेल, आणि किती मिनिटांच्या नोंदी गेल्या तर चालतील. पहिल्याला या धंद्यात आरटीओ म्हणतात, दुसऱ्याला आरपीओ. (आरटीओ म्हटलं की लायसन्सचं ऑफिस डोळ्यांपुढे येतं, पण इलाज नाही.)

ऑर्डर घेणं: 5 मिनिटं बंद चालेल, नोंद एकही जाता कामा नये. तोडणीची यादी: संध्याकाळी 6 पर्यंत हवी, दुपारभर नसली तरी चालते. रिपोर्ट दोन दिवस बंद राहिले तरी कुणाचं अडत नाही. हे आकडे प्रोग्रामरने एकट्याने बसून ठरवायचे नाहीत. बागायतदार समोर हवेत, कारण प्रत्येक आकड्याला पैसे पडतात.

2. नऊंचं गणित

99.9 टक्के चालू म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद, महिन्याला सुमारे 43 मिनिटं. 99.99 म्हणजे वर्षाला साधारण 53 मिनिटं. ऑर्डर पुरी व्हायला अ‍ॅप, डेटाबेस, पेमेंट गेटवे (पैसे घेऊन देणारी बाहेरची सेवा), मेसेज सेवा आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) असे पाच भाग लागत असतील आणि प्रत्येक 99.9 चा असेल, तर साखळी 99.5 वर येते. म्हणजे वर्षाला जवळजवळ 44 तास.

यावर स्वस्त उपाय म्हणजे साखळीतून कड्या काढणं. मेसेज गेला नाही म्हणून ऑर्डर अडायचं कारण नाही. तो दहा मिनिटांनी जाऊ दे. एक कडी गेली, खर्च शून्य. जोडीने दोन भाग ठेवले की गणित सुधारतं हे खरं, पण ते दोन एकाच कारणाने पडणार नसतील तरच.

3. जागा: कुठे आणि किती

‘क्लाउड’ आपल्या फार लांब नाही. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरांची रांगच आहे. एडब्ल्यूएसचा, म्हणजे अमेझॉनच्या क्लाउडचा, मुंबई रीजन (एका परिसरातल्या डेटा सेंटरांचा गट) 2016 पासून आहे आणि त्यात तीन झोन आहेत. हैदराबादचा रीजन नोव्हेंबर 2022 मध्ये आला. झोन म्हणजे वीज, थंडावा आणि जोडणी वेगळी असलेली डेटा सेंटरं.

दोन झोन घ्यावेत की तीन? गर्दीला 6 सर्व्हर लागतात असं धरा. दोन झोन असतील तर एक गेल्यावर दुसऱ्याने सगळा भार घ्यायचा, म्हणजे प्रत्येकात 6, एकूण 12. तीन झोन असतील तर प्रत्येकात 3, एकूण 9. एक गेला तरी 6 उरतात. तीन झोन स्वस्त पडतात, हे अनेकांना उलटं वाटतं. हे जादा सर्व्हर आधीपासून चालू हवेत. झोन पडल्यावर ऑटोस्केलिंग (गर्दीनुसार सर्व्हर आपोआप वाढवणारी सोय) नवे आणेल या भरवशावर राहू नका. त्या क्षणी झोनमधले सगळेच गिऱ्हाईक नवे सर्व्हर मागत असतात. हंगाम संपला की संख्या खाली आणा.

डेटाबेसची जोडप्रत दुसऱ्या झोनमध्ये, प्रत्येक नोंद दोन्हीकडे लिहिल्यावरच ‘झालं’ म्हणणारी. मुख्य प्रत गेली की जोडप्रत साधारण 60 ते 120 सेकंदांत ताबा घेते. अडचण पुढे येते: अ‍ॅपने डेटाबेसचा जुना पत्ता धरून ठेवलेला असतो आणि ते मेलेल्या दारावर ठोकत बसतं. डीएनएसचं उत्तर 60 सेकंदांपेक्षा जास्त साठवायचं नाही आणि तुटलेली जोडणी पूलमधून (उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यातून) काढून टाकायची, या दोन सेटिंग्ज हाताने तपासा.

हैदराबादला चालती व्यवस्था ठेवायची गरज नाही, बॅकअप ठेवा. मुंबई-हैदराबाद सरळ अंतर सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे 200 किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान 6 मिलिसेकंद, आणि केबल सरळ जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त. प्रत्येक नोंद तिकडे पोचायची वाट बघत बसलात, तर सगळंच मंदावतं. आणि एकाच वेळी दोन कंपन्यांचा क्लाउड वापरा असा सल्ला चाळीस बागायतदारांना कुणी दिला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

4. थांबायचं किती

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या रात्री सेकंदाला 10 ऑर्डर येतायत. पेमेंट गेटवे 0.4 सेकंदात उत्तर देतो. दर सेकंदाला येणारी कामं गुणिले एका कामाचा वेळ, म्हणजे एका वेळी हातात 4 कामं. ठीक. आता गेटवे बंद पडला नाही, फक्त 30 सेकंद घ्यायला लागला. तेच गुणाकार: 300 कामं. प्रत्येकाने डेटाबेसची एक जोडणी धरून ठेवली असेल, तर पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा आहे 100 जोडण्यांची. दहाव्या सेकंदाला ती संपली. अकराव्या सेकंदाला ज्याला नुसत्या शिल्लक पेट्या बघायच्यात, त्यालाही पान उघडत नाही. त्याचा पेमेंटशी काही संबंध नसताना. आणि सर्व्हरचा सीपीयू बघाल तर निवांत. त्यामुळे ‘सगळं ठीक दिसतंय’ म्हणत अर्धा तास जातो.

इलाज तीन आणि ते याच क्रमाने करा.

पहिला: बाहेरच्या सेवेला केलेल्या प्रत्येक कॉलला (विचारणेला) टाइमआउट, म्हणजे थांबायची कमाल मुदत. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला तो दिला नाही तर ती कितीही वेळ थांबते. गो भाषेतला साधा एचटीटीपी क्लायंटही तसाच. जोडणी व्हायला 1 सेकंद पुरे. उत्तरासाठी, शंभरातल्या 99 कॉलना जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट ठेवा. मेसेज सेवेचा तो आकडा 1.5 सेकंद असेल तर टाइमआउट 3. सगळीकडे सरसकट 30 ठेवणं म्हणजे टाइमआउट नसण्यासारखंच.

दुसरा: बाहेरच्या उत्तराची वाट बघताना डेटाबेसचा व्यवहार उघडा ठेवू नका. ऑर्डर ‘प्रलंबित’ म्हणून लिहा, जोडणी सोडा, गेटवेला विचारा, उत्तर आलं की पुन्हा जोडणी घेऊन पुढचं लिहा.

तिसरा: वरच्याने खालच्याला उरलेला वेळ सांगायचा. गिऱ्हाइकाचा ब्राउझर 8 सेकंदांत कंटाळणार असेल आणि 6 गेले असतील, तर खालच्या सेवेला 2 मिळाले. ती 20 सेकंद राबून उत्तर देणार असेल तर ते ऐकायला कुणी उरलेलं नसतं.

5. पुन्हा प्रयत्न, पण हात राखून

एक कॉल फसला तर पुन्हा करावा, हे बरोबर. पण अ‍ॅप तीनदा प्रयत्न करतं, मधली सेवा तीनदा, डेटाबेसची लायब्ररी तीनदा: एका क्लिकचे तळाशी 27 फटके. आजारी डेटाबेसला उठू न द्यायचा हा हमखास मार्ग. रिट्राय (पुन्हा प्रयत्न) एकाच थरात ठेवा, शक्यतो सगळ्यात वरच्या.

मधली विश्रांती दुप्पट करत न्या: 200 मिलिसेकंद, 400, 800, असं करत कमाल 5 सेकंद. आणि प्रत्येक वेळी शून्य ते त्या आकड्यामधला कुठलाही एक आकडा चिठ्ठी काढल्यासारखा निवडा. नाहीतर एकाच क्षणी फसलेले सगळे एकाच क्षणी परत येतात. एकूण कॉलच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रिट्राय होत असतील तर ते थांबवायचे, ही मर्यादाही घाला. ‘पत्ता चुकीचा’ अशा उत्तरावर रिट्राय नाहीच. पत्ता तिसऱ्यांदाही चुकीचाच असतो.

रिट्राय आले की दुबार ऑर्डर आली. कोथरूडमधल्या गिऱ्हाइकाने पाच डझनी पेटीचं बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं, त्याने पुन्हा दाबलं. पहिली मागणी सर्व्हरला पोचली होती, परतीचं उत्तर वाटेत हरवलं होतं. आता दोन पेट्या निघणार, आणि दुसरी परत येईपर्यंत पिकलेली असणार.

त्यासाठी पान उघडतानाच फोनवर एक खूण तयार करा आणि ती प्रत्येक प्रयत्नाबरोबर तीच पाठवा. डेटाबेसमध्ये एक तक्ता: खूण, मागणीच्या मजकुराचा हॅश (त्यातून काढलेला छोटा ठसा), स्थिती, दिलेलं उत्तर. खुणेच्या रकान्यावर ‘एकमेव’ची अट. मागणी आली की आधी खूण लिहायचा प्रयत्न. लिहिली गेली तर पुढे जा, ‘आधीच आहे’ असं आलं तर साठवलेलं उत्तर परत द्या. खूण तीच पण मजकूर वेगळा, तर नाकारा. ‘आधी आहे का ते बघू, नसेल तर लिहू’ अशी दोन पावलं टाकू नका. दोन मागण्या त्या फटीतून एकदम आत येतात.

‘पैसे कटले, ऑर्डर दिसत नाही’ ही यूपीआयची नेहमीची तक्रार. गेटवेचा निरोप दोनदा येऊ शकतो, उशिरा येऊ शकतो, येणारही नाही. म्हणून दर 5 मिनिटांनी एक काम चालवा: 10 मिनिटांहून जुन्या प्रत्येक ‘प्रलंबित’ ऑर्डरबद्दल स्वतःहून गेटवेला विचारा. पेटी 15 मिनिटं राखून ठेवा. त्यानंतर पैसे आले आणि पेटी गेली असेल तर काय, हे आधी ठरवा: दुसऱ्या दिवशीची पेटी की पैसे परत, गिऱ्हाइकाला विचारून.

6. कप्पे

होडीच्या पोटात कप्पे केलेले असले की एका कप्प्यात पाणी शिरून होडी जात नाही. डेटाबेसच्या जोडण्यांचे तसेच वाटे करा: 100 पैकी ऑर्डरना 50, शिल्लक दाखवायला 20, बागांच्या यादीला 15, रिपोर्टला 5, बाकीच्या राखीव. हिशेबनीसाने भर दुपारी वर्षाचा रिपोर्ट मागितला तर त्याचाच रिपोर्ट अडेल.

फसणाऱ्या सेवेपुढे सर्किट ब्रेकर: शेवटच्या 20 कॉलपैकी निम्मे फसले की 30 सेकंद तिला विचारायचंच नाही, मग एक कॉल सोडून बघायचा. ब्रेकर पडल्यावर गिऱ्हाइकाला काय दिसेल, हा प्रश्न मात्र प्रोग्रामरचा नाही, धंद्याचा आहे. पेमेंट बंद असताना ‘पेटी राखून ठेवली आहे, दुवा पाठवतो’ हे ‘काहीतरी चुकलं’पेक्षा केव्हाही बरं.

गर्दी झेपेनाशी झाली की दारातच थांबवा. रांग ठरलेल्या लांबीच्या पुढे गेली की नव्याला लगेच ‘दोन मिनिटांनी या’.

7. क्यू आणि वादळ

तोडणीची यादी, लेबल, मेसेज ही कामं क्यूमधून (कामांच्या रांगेतून). एडब्ल्यूएसच्या एसक्यूएस या क्यू-सेवेची दोन मूळ सेटिंग्ज इथे घात करतात. उचललेलं काम 30 सेकंदांत ‘झालं’ म्हणून आलं नाही, तर ते दुसऱ्याला दिलं जातं. लेबल छापायला 45 सेकंद लागत असतील तर दोन लेबलं निघतात. ही मुदत कामाच्या सगळ्यात लांब वेळेच्या वर न्या, आणि छापण्याआधी ‘हे छापलं आहे का’ ते तपासा.

दुसरं: न उचललेलं काम 4 दिवसांनी पुसलं जातं. कोकणात हे महागात पडतं. तौक्ते वादळ 2021 च्या मे महिन्यात, ऐन आंब्याच्या दिवसांत, किनाऱ्याला घासून गेलं. त्याआधीच्या वर्षी 3 जूनला निसर्ग रायगडात धडकलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या अनेक गावांना दिवसेंदिवस वीज नव्हती. पॅकिंगची शेड पाचव्या दिवशी चालू झाली, तर क्यू रिकामी. मुदत कमाल, म्हणजे 14 दिवस करा. पाचदा फसलेलं काम वेगळ्या क्यूत टाका. साध्या क्यूमध्ये मुदत मूळ क्यूत पडल्यापासूनच मोजली जाते, म्हणून या वेगळ्या क्यूची मुदत मूळ क्यूपेक्षा कमी ठेवू नका. दोन्ही 14.

8. बागेचं टोक

सर्व्हर तीन झोनमध्ये आणि बागेत रेंज नाही, अशी व्यवस्था अर्धीच. बागायतदाराच्या फोनवरचं अ‍ॅप आधी फोनमध्येच लिहील, रेंज आली की पाठवील. प्रत्येक नोंदीची खूण फोनवरच बनते (वरचीच युक्ती). फोनच्या घड्याळावर क्रम ठरवू नका, घड्याळं चुकतात. नोंदींना फोननिहाय चढता क्रमांक द्या.

रेंज नसताना जास्त पेट्या विकल्या जाऊ नयेत म्हणून वाटा आधीच ठरवा. दिवसाला 100 पेट्या निघत असतील तर 80 ऑनलाइन, 20 बागायतदाराच्या हातात, ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी. कुणीही कुणाला न विचारता आपला वाटा विकू शकतो.

शेडमध्ये दोन कंपन्यांची सिम ठेवताना दोघांचे अँटेना एकाच टॉवरवर नाहीत ना, ते बघा. असतील तर त्या टॉवरची वीज गेली की दोन्ही गेली. राउटरला छोटा यूपीएस. आणि रोज संध्याकाळी 6 वाजता दुसऱ्या दिवसाची यादी कागदावर छापा. कागदाला रेंज लागत नाही.

9. बॅकअप म्हणजे परत उभं करून बघितलेला

जोडप्रत हा बॅकअप नव्हे. चुकून चालवलेला ‘सगळं पूस’ तिच्यापर्यंत लगेच पोचतो. 31 जानेवारी 2017 ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबच्या मुख्य डेटाबेसचा डेटा हातून पुसला गेला. रोजचा बॅकअप म्हणून जे काम चालायचं, ते डेटाबेसशी न जुळणाऱ्या आवृत्तीमुळे कधीपासून फसत होतं, आणि फसल्याचे ईमेल नाकारले जात असल्याने कुणाला पत्ता नव्हता. योगायोगाने हाताने घेतलेली सहा तासांपूर्वीची प्रत होती, म्हणून बाकीचं वाचलं.

तेव्हा ‘बॅकअप फसला’ या निरोपावर विसंबू नका. 26 तासांत ‘बॅकअप झाला’ आलं नाही तर अलार्म, असं उलटं लावा. प्रत वेगळ्या खात्यात, ठरलेल्या मुदतीआधी पुसता न येणारी. महिन्यातून एकदा ती रिकाम्या डेटाबेसवर उभी करा, घड्याळ लावून, आणि कालच्या ऑर्डरची संख्या जुळवा. तीन तास लागले, तर तुमचा आरटीओ तीन तास. पहिल्या कागदावर काय लिहिलं होतं ते बघा.

10. आपणच केलेले घात

नवी आवृत्ती आधी एका सर्व्हरवर, 15 मिनिटं बघून मग बाकीच्यांवर. परत जुनीवर येणं 5 मिनिटांत जमलं पाहिजे. म्हणून रकाना काढायचा असेल तर आधी त्याचा वापर बंद करणारी आवृत्ती, आठवड्याने रकाना. पाडव्याच्या आधी चार दिवस नवीन काही नाही. डोमेन आणि सर्टिफिकेटच्या मुदती दोघांच्या कॅलेंडरमध्ये.

लोड बॅलन्सरच्या (सर्व्हरांमध्ये भार वाटणाऱ्याच्या) तब्येत-तपासणीत डेटाबेस घालू नका. डेटाबेसला एक उचकी लागली की सगळे सर्व्हर एकदम ‘आजारी’ ठरून बाहेर जातात, आणि शिल्लक दाखवणारं साठवलेलं पानही जातं.

11. बावटा

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की काय करायचं हे कुणी विचारत बसत नाही. अलार्म तसे हवेत: थोडे, आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. सीपीयूवर नको, ‘गेल्या 10 मिनिटांत पुऱ्या झालेल्या ऑर्डर याच वेळेच्या नेहमीच्या निम्म्याहून कमी’ यावर लावा. दुसरा क्यूमधल्या सगळ्यात जुन्या कामाच्या वयावर. तिसरा, बाहेरून दर मिनिटाला पान उघडून बघणारा, वेगळ्या सेवेवरचा. 28 फेब्रुवारी 2017 ला एका चुकीच्या कमांडमुळे एडब्ल्यूएसची एसथ्री ही फाइली साठवणारी सेवा अमेरिकेतल्या एका रीजनमध्ये बसली, तेव्हा त्यांचा स्थिती सांगणारा फलकही बदलता येईना, कारण तो एसथ्रीवरच अवलंबून होता.

12. आगोटीची कामं

कौलं पावसाआधी शाकारतात, पाऊस सुरू झाल्यावर नाही. या व्यवस्थेचा पावसाळा मार्चमध्ये येतो, तेव्हा तिची आगोट जानेवारी-फेब्रुवारीत. चार शनिवार राखा.

पहिल्या शनिवारी डेटाबेसची मुख्य प्रत मुद्दाम बदलायला लावा आणि पहिली नवी ऑर्डर किती सेकंदांनी गेली ते लिहा. दुसऱ्या शनिवारी खोटा गेटवे लावून त्याला 30 सेकंद उशीर करायला सांगा. शिल्लक पेट्यांचं पान चालू राहिलं पाहिजे. तिसऱ्या शनिवारी एका झोनचे सगळे सर्व्हर बंद, पाडव्याइतकी खोटी गर्दी सोडून. चौथ्या शनिवारी शेडचं इंटरनेट काढा आणि एक दिवस कागदावर माल पाठवा. संध्याकाळी जोडल्यावर दुबार लेबलं निघतात का मोजा.

या चारपैकी एका शनिवारी, ज्याला सगळं ठाऊक आहे त्याचा फोन काढून घ्या आणि त्याला मांडवी बंदरावर फिरायला पाठवा. उरलेल्यांनी लिहून ठेवलेल्या कागदावरून व्यवस्था उभी करायची. जिथे ते अडले, त्या ओळी त्याच संध्याकाळी कागदात भरा.